पिचरने पहिला बेस कव्हर करायचा असतो हो! (बेसबॉल, सराव आणि थोडी चिडचिड)

साडेपाचची_मॅच

मंडळी, इथे क्रिकेटवर रोज एक धागा निघतो. बेसबॉलवर मला शोधूनही सापडला नाही. दोन-चार डोकी जमली तरी पुरे, या हिशोबाने लिहितोय.

३१ ऑक्टोबर २०२४, नरक चतुर्दशी. न्यूयॉर्कचे यँकीज विरुद्ध लॉस एंजेलिसचे डॉजर्स, वर्ल्ड सिरीजची, म्हणजे तिकडच्या बेसबॉल फायनलची, पाचवी मॅच. न्यूयॉर्कची रात्र म्हणजे आपली पहाट. अंगाला उटणं, खांद्यावर टॉवेल, मोरीच्या दाराशी मी आणि हातात फोन. यँकीज ५-० ने पुढे आणि त्यांच्या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने), गेरिट कोलने, चार इनिंगमध्ये एकही हिट दिलेली नाही. आई कारीट फोडायला बोलावतेय, मी म्हणतोय, "एवढी इनिंग होऊ दे."

आणि नेमकी तीच इनिंग. सेंटर फील्डला आरन जजच्या ग्लोव्हमधून सरळ आलेला झेल सुटला. मग शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) व्होल्पीचा तिसऱ्या बेसकडचा थ्रो खाली गेला. बेस भरले, म्हणजे तिन्ही बेसवर डॉजर्सचे रनर. कोलने त्यातूनही दोघांना स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकमध्ये बाद) केलं, त्यातला एक डॉजर्सचा स्टार ओतानी. दोन आऊट, तिसरा झाला की इनिंग संपली. मूकी बेट्सने पहिल्या बेसकडे एक मरतुकडा ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका) मारला. पहिल्या बेसवरच्या रिझोने पुढे होऊन तो उचलला, मान वळवली, तर बेट्सच्या आधी बेसवर थ्रो घ्यायला कुणीच नाही. कोल मध्येच उभा राहून बेसकडे बोट दाखवतोय! बेट्स सेफ. त्या एका इनिंगमध्ये पाच रन, पाचही अनअर्न्ड, म्हणजे फील्डिंगच्या चुकांमुळे गेलेले. शेवटी डॉजर्स ७-६ ने जिंकले आणि सिरीजही तिथेच संपली. मी कारीट असं फोडलं की आई म्हणाली, "अरे हळू, लादी फुटेल."

कोल काही कालचा पोरगा नाही, २०२३ चा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा) पुरस्कारवाला. चेंडू आपल्या डावीकडे गेला की पिचरने डोळे मिटून पहिल्या बेसकडे पळायचं, हे तिकडे शाळकरी पोरांना शिकवतात. आता हे सगळं उगाळण्याचं कारण सांगतो. गेली तीन वर्षं मी रविवारी सकाळी शिवाजी पार्कात, ज्या कोपऱ्यावर कुठल्याच नेटचा हक्क नाही अशा कोपऱ्यात, दहा-बारा पोरांना घेऊन बेसबॉल खेळवतो. कोच वगैरे नाही, नुसता हौशी. त्या दिवाळीनंतर मी ठरवलं की दर रविवारी पहिली वीस मिनिटं फक्त हेच: पिचर खोटा पिच टाकणार, मी पहिल्या बेसकडे ग्राउंडर मारणार, पिचर पळणार. तिसऱ्या रविवारी एका पालकांनी बाजूला घेऊन विचारलं, "अहो, बॅटिंग कधी देणार? हा नुसता पळून घरी येतो."

माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्याकडे सराव म्हणजे बॅटिंग, आणि उरलेल्यांनी लांब उभं राहून चेंडू परत फेकायचा. मॅच मात्र फुटते ती या कंटाळवाण्या गोष्टींवर. आवडते खेळाडूही मी आता याच मापाने मोजायला लागलोय. ओतानी थोर आहे यात वादच नाही. २०२४ ला ५४ होम रन आणि ५९ स्टील (पळून चोरलेले बेस), एकाच सीझनमध्ये. पण त्याच्याकडे बघून आमच्या पोरांनी काय शिकायचं? उंच व्हायला? मला बेट्स जास्त जवळचा वाटतो. उंची पाच फूट नऊ-दहा इंच, राइट फील्डला सहा गोल्ड ग्लोव्ह (फील्डिंगचे पुरस्कार) जिंकलेले, आणि तिशी उलटल्यावर गडी शॉर्टस्टॉपला जाऊन पुन्हा पहिल्यापासून ग्राउंडर उचलायला शिकला. दुसरा जुना पिचर ग्रेग मॅडक्स. ३५५ विजय सगळ्यांना पाठ असतात, त्याचे १८ गोल्ड ग्लोव्ह कुणी सांगत नाही. पिच टाकून झाला की तो पाचवा इनफिल्डर असायचा.

बोला.

कांगा_लीगवाला

साडेपाचराव, छान लिहिलंत. बेसबॉल मला अर्धाच कळतो, पण कारीट पूर्ण कळलं.

आमच्याकडे याला साधं नाव होतं: बॉलरने स्टंपवर यायचं. बॉल टाकलास, बॅट्समनने ढकलला, की धावत मागे येऊन स्टंपशी उभा राहा. नाही आलास तर कॅप्टन सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी आईबहीण काढायचा. पावसाळ्यात कांगा लीगला चिखलात घसरत घसरत स्टंप गाठायचा, पण गाठायचा. आणि एकनाथ सोलकर आठवा. २७ टेस्टमध्ये ५३ कॅच, बहुतेक शॉर्ट लेगला, डोक्यावर हेल्मेट नाही. ती काय बॅटिंगच्या नेटमध्ये घडलेली चीज होती?

जाता जाता, ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट टीमचा एकेकाळचा फील्डिंग कोच माइक यंग हा मूळचा अमेरिकन बेसबॉलवाला. म्हणजे क्रिकेटवाल्यांनी तुमचं दुकान केव्हाच लुटलंय.

एक शंका. पोरं रविवारी सकाळी उठून येतात ती बॅट फिरवायलाच. वीस मिनिटं नुसतं पळवलंत तर पुढच्या रविवारी पाचच येतील. आचरेकर सरसुद्धा स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. आमिष लागतंच हो.

आकडेमोड

धागा आवडला, निष्कर्ष पटला नाही.

कोलने तो ड्रिल केला नव्हता असं थोडंच आहे? दर फेब्रुवारीत स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये पिचर लोक हेच करत असतात, त्याला नावच आहे पीएफपी, पिचर्स फील्डिंग प्रॅक्टिस. हजारो वेळा पळाला असेल तो. बेट्सचा चेंडू बॅटच्या टोकाला लागून फिरकी घेत गेला होता. कोल आधी चेंडूवरच झेपावला, अंदाज चुकला, आणि मग बेसला पोचायला उशीर झाला. त्याने मॅचनंतर साधारण हेच सांगितलं. रिझोलाही फिरकीमुळे मागे थांबावं लागलं. मग "ड्रिल केला तर मॅच वाचते" हे कसं सिद्ध होतं? उलट हजारदा केलेला ड्रिलही ऐन वेळी दगा देतो, हे सिद्ध झालं.

आणि बॅटिंगला इतकं खाली का ढकलता? जो रन काढत नाही तो ५-० पुढे जाईलच कसा?

नुसताच_वाचक

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सॉफ्टबॉल_ताई

वा, कुणीतरी बोललं यावर! मी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, राज्य पातळीपर्यंत, कॅचर (बॅटरच्या मागची कीपरच म्हणा). आता गुडघे आठवण करून देतात.

आकडेमोड, मला वाटतं तुम्ही दोघंही बरोबर आहात. तो ड्रिल बहुतेक ठिकाणी चुकीचा करतात, प्रश्न तिथे आहे. ताज्या दमाचा पिचर, रांग लावून, आपला नंबर आला की पळायचं. चेंडू कुठे येणार हे आधीच माहीत. मग त्यात निर्णय कुठे आला? मॅचमध्ये पिचरपुढे प्रश्न असतो, चेंडू माझा की पहिल्या बेसवाल्याचा? कोल तिथेच अडकला. म्हणून आमचे सर सांगून मारायचे नाहीत. कधी पिचरच्या उजवीकडे, कधी डावीकडे, कधी बंटसारखा (नुसता ढकललेला) समोर. आणि हे सगळं सरावाच्या शेवटी, पाय जड झाल्यावर. नियम एकच: डावीकडे गेला की पहिलं पाऊल बेसकडे. चेंडू तुझाच निघाला तर वळ. उलटं चालत नाही.

पळण्याची वाटसुद्धा ठरलेली असते. पोरं माऊंडवरून (पिचरच्या जागेवरून) सरळ बेसवर तिरकी धावतात. मग एक तर रनरला धडकतात, नाही तर वेग आवरत नाही आणि बेस ओलांडून जातात. बेसच्या दहा-बारा फूट अलीकडे फाउल लाइन गाठायची, तिथून लाइनला समांतर बेसकडे यायचं, थ्रो छातीवर घ्यायचा, मग नजर खाली नेऊन उजव्या पायाने बेसची आतली कड शिवायची आणि लगेच आत मैदानात वळायचं, म्हणजे दुसरा रनर होमकडे (रन पुरा करायला बॅटरच्या जागी) निघाला असेल तर दिसतो. मी आता भाच्यांना शिकवते तेव्हा त्या वळणाच्या जागी खडूने गोल काढते. गोलात पाय पडला नाही तर तो आऊट मोजायचा नाही.

साडेपाचदादा, तुमची पोरं क्रिकेटमधूनच आलेली असणार. पुढच्या गोष्टी दिसतात का सांगा:

मारल्यावर बॅट हातात घेऊन पळतात. आणि पहिल्या बेसशी येऊन बॅट टेकवायला वाकतात!

ग्राउंडर गेला की नॉन-स्ट्रायकर शोधतात, "नको नको" ओरडतात आणि उभे राहतात. इथे फेअर चेंडूवर पळावंच लागतं, हे अंगवळणी पडायला दोन महिने जातात.

पहिल्या बेसवरून सरळ पुढे पळून जाता येतं हे माहीतच नसतं, म्हणून बेसवर ब्रेक मारतात. तेवढ्यात आऊट.

आणि ग्लोव्ह. डाव्या हातात ग्लोव्ह असूनही दोन्ही हात ओंजळीसारखे करतात. त्यावर माझा रामबाण उपाय म्हणजे चप्पल. खोटं नाही. रबरी, सपाट, जुनी स्लिपर डाव्या हाताच्या बोटांत अडकवायची, तळवा बाहेर. समोरून टेनिस बॉल घरंगळत सोडायचा. चपलेत चेंडू पकडता येतच नाही, तो नुसता थांबवायचा आणि उजव्या हाताने झाकायचा. पंधरा मिनिटांत हात आपोआप मऊ होतात आणि दुसरा हात मदतीला यायला शिकतो. तिकडे यासाठी सपाट पॅडलसारखा ग्लोव्ह विकत मिळतो. आपल्याकडे प्रत्येक दाराबाहेर पडलेला असतो.

साडेपाचची_मॅच

ताई, बॅट टेकवण्यावरून मी लोकलमध्ये एकटाच हसलो, शेजारचे काका सरकून बसले. अगदी हेच! आमच्यातल्या एकाने तर पहिल्या बेससमोर डाइव्ह मारून बॅट पुढे सरकवली आणि वर बघून "क्रीझमध्ये आहे" म्हणाला.

खडूचा गोल पार्कात टिकणार नाही, लाल माती वाऱ्याबरोबर अर्ध्या दादरात जाते. जुन्या सायकलचा टायर ठेवून बघतो. त्या मातीवर ग्राउंडर कधी कुठे उसळेल हे देवालाही ठाऊक नसतं, त्यामुळे शॉर्ट हॉपचा (पायाशी उसळणाऱ्या चेंडूचा) सराव आम्हाला फुकटात मिळतो.

आकडेमोड, तुमचा मुद्दा टोचला, म्हणजे बरोबर असणार. मीसुद्धा रांग लावूनच करत होतो. पण बॅटिंगचं म्हणाल तर २०२५ ची वर्ल्ड सिरीज घ्या. सहावी मॅच, डॉजर्स ३-१ पुढे, नववी इनिंग, टोरांटोचे रनर दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर. हिमेनेझचा लाइन ड्राइव्ह (हवेतून सरळ जाणारा फटका) कीके हर्नांडेझने पुढे धावत येऊन पकडला आणि थेट दुसऱ्या बेसवर फेकला. तिथला रनर बार्जर झेलानंतर बेसवर परत पोचला नाही, तोही आऊट. मॅच खलास. फटका बरा होता की, बॅटिंगने काही वाईट केलं नव्हतं. रनरने चेंडू खाली पडतोय का हे बघायच्या आत पाय उचलला. "लाइन ड्राइव्हला गोठ" हा ड्रिल आम्ही स्टॅच्यूच्या खेळासारखा खेळतो. मी ओरडतो "लाइन", सगळे पुतळे. हलला तो आऊट.

सातव्या मॅचचं तर विचारूच नका. नववी इनिंग, बरोबरी, बेस भरलेले, एक आऊट. वार्शोच्या ग्राउंडरवर रोहास अडखळत उठला आणि होमला फेकला. कॅचर स्मिथचा पाय प्लेटवर कसाबसा. कायनर-फलेफा तिसऱ्या बेसवरून दोन पावलं जास्त पुढे असता तर टोरांटो तिथेच चॅम्पियन. लीड (बेस सोडून आधीच पुढे घेतलेलं अंतर) इतका आखूड का घेतला?

आकडेमोड

कारण आदल्याच रात्री बार्जर लाइन ड्राइव्हवर दुहेरी आऊट झाला होता! तुमचाच ड्रिल पोरांच्या डोक्यात जास्त बसला की असं होतं. कायनर-फलेफाला बेसजवळ थांबायला सांगितलं होतं, असं तो स्वतः म्हणाला. बेस भरलेले असताना होमला फोर्स आऊट असतो: चेंडू घेऊन प्लेट शिवली की पुरे, रनरला चेंडू लावावा (टॅग) लागत नाही. तिथे एकेक फूट सोन्याचा. धोका कुठला पत्करायचा हा हिशोब आहे, आणि तो हिशोब स्टॅच्यू खेळून येत नाही.

सॉफ्टबॉल_ताई

आमच्यात पिचरच्या हातातून चेंडू सुटेपर्यंत बेस सोडताच येत नाही, त्यामुळे या वादात मी निवांत आहे. बघते गंमत.

साडेपाचची_मॅच

आकडेमोड, हा गुण तुम्हाला. बेस भरलेले असले की "लाइन" ऐवजी काय ओरडायचं ते आता शोधावं लागणार.

अवांतर: ती मॅच संपली २ नोव्हेंबर २०२५ च्या सकाळी, रविवार, कार्तिकी एकादशी. अकरा इनिंग, डॉजर्स ५-४. शेवटचा चेंडू कुणाकडे गेला? शॉर्टस्टॉपला बेट्सकडे. उचलला, दुसरा बेस शिवला, पहिल्याला फेकला, डबल प्ले (एका चेंडूवर दोन आऊट), कप. साबुदाण्याची खिचडी गार झाली. त्याच रात्री नेरूळला डी. वाय. पाटीलवर आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला आणि अमनजोतने वोल्वार्टचा तो झेल तिसऱ्या प्रयत्नात धरला. एका दिवसात दोन वर्ल्ड टायटल, आणि दोन्हीकडे शेवटी लक्षात राहिले ते हात.

कांगा_लीगवाला

आणि आपल्या मुलींचा कोच कोण? अमोल मुझुमदार. शारदाश्रम, आचरेकर सर, शिवाजी पार्क. तुमच्या त्या कोपऱ्यापासून फार लांब नाही हो.

परळची_आई

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, शाळेच्या टीममध्ये पिचिंग करतो. जिल्हा स्पर्धेच्या वेळी एकाच दिवशी दोन मॅच होत्या, दोन्हीकडे त्यालाच टाकायला लावलं, कारण दुसरं कुणी झोनमध्ये टाकत नाही. आता कोपराला आतल्या बाजूने दुखतं म्हणतो. सर म्हणतात बर्फ लाव, होईल ठीक. वर मुलाने डॉजर्सचा पिचर यामामोतोचं उदाहरण ऐकवलं, की तो सहावी मॅच टाकून दुसऱ्या दिवशी सातवीही टाकायला आला. मी काय सांगू त्याला?

सॉफ्टबॉल_ताई

ताई, पहिलं म्हणजे चेंडू आणि ग्लोव्ह कपाटात, आणि मुलगा हाडांच्या डॉक्टरकडे, शक्यतो खेळाडूंना बघणाऱ्या. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं बर्फावर सोडायचं नसतं, तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. दुखतंय तोवर एकही थ्रो नाही, अंगणातसुद्धा नाही.

दुसरं, मोजायचं. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांची पिच स्मार्ट नावाची नियमावली आहे. १३-१४ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच, ११-१२ ला ८५, ९-१० ला ७५. त्याहून महत्त्वाची विश्रांती: २० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी चालतं, २१ ते ३५ ला एक दिवस, ३६ ते ५० ला दोन, ५१ ते ६५ ला तीन, ६६ च्या वर गेलं की चार दिवस सुट्टी. पिचिंग करून झालं की त्याच दिवशी कॅचरलाही उभं करायचं नाही. तुमच्या मुलाने त्या दिवशी किती टाकले हे कुणी लिहूनसुद्धा ठेवलं नसणार.

आकडेमोड

यामामोतोने सहाव्या मॅचमध्ये ९६ आणि दुसऱ्या दिवशी ३४ पिच टाकले. तो २७ वर्षांचा होता, सीझनचा शेवटचा दिवस होता, आणि त्यानंतर पुढचे कित्येक महिने मॅचच नव्हती. मुलाला हेही सांगा की ओतानीच्या कोपराचं ऑपरेशन २०१८ ला झालं. टॉमी जॉन म्हणतात त्याला, १९७४ मध्ये ज्या पिचरवर पहिल्यांदा केलं त्याच्या नावावरून.

साडेपाचची_मॅच

आई, यामामोतोचंच कौतुक असेल तर त्याचं हेही सांगा: तो सरावात भाला फेकतो. हलका, खास बनवलेला. नुसता हात न झटकता सगळ्या अंगाने कसं फेकायचं, ते भाला शिकवतो. हात ओढून फेकलं की भाला हवेतच लडबडतो, लगेच चहाडी करतो. २००८ मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेतून पायरेट्स या अमेरिकन टीमने घेतलेले आपले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघंही मुळात भालाफेकवालेच. डॉक्टरांनी सोडल्यावर हं, आधी नाही.

आणि आमच्याकडे दर पोराच्या पिचला मी खिशातला एक चिंचोका दुसऱ्या खिशात टाकतो. मोजणी चुकत नाही. घरी गेल्यावर खिसे तपासणं मात्र राहतं, मागच्या आठवड्यात वॉशिंग मशीनमध्ये बासष्ट निघाले.

परळची_आई

मनापासून आभार. उद्याच नंबर लावते. तोवर तो नुसता बसून चिडचिड करेल, त्याला काही करता येईल का? फेकायचं नाही असं काही.

सॉफ्टबॉल_ताई

डॉक्टर हो म्हणाले तर चपलेचा सराव. तुम्ही बसून चेंडू घरंगळत सोडायचा, त्याने थांबवायचा आणि पायाशी ठेवलेल्या बादलीत टाकायचा. परत फेकायचा नाही. रोज शंभर. पिचर मारियानो रिव्हेराने पनामात लहानपणी पुठ्ठ्याचा ग्लोव्ह करून हेच केलं, आणि नंतर ६५२ सेव्ह (शेवटी येऊन राखलेल्या मॅच).

परळची_आई

चप्पल डावी घ्यायची की उजवी?

सॉफ्टबॉल_ताई

डावी. ग्लोव्ह डाव्या हातात ना.

परळची_आई

आमचा डावखुरा आहे.

कांगा_लीगवाला

मग उजवी घ्या, आणि डावी मला पाठवा. नातवाला सुरुवात करतो.